आफ्रिकेचे काका

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात परदेश पाहून आलेल्या नातेवाइकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात मुलाकडे वा मुलीकडे सहा महिने अमेरिकेत राहून तिथली थंडी, तिथली शिस्त आणि तिथला डिशवॉशर यांचे वर्णन करण्याचा आजन्म परवाना मिळवून परतणारे ज्येष्ठ नागरिक येतात. दुसऱ्या वर्गात आखाती देशांत नोकरी करून सोन्याचे भाव, खजुराच्या जाती आणि विमानातल्या सामानाची वजनमर्यादा या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारे येतात. या दोन्ही वर्गांना नात्यागोत्याच्या व्यवहारात निश्चित स्थान आहे, कारण ते येताना काहीतरी घेऊन येतात. तिसरा वर्ग संख्येने अत्यल्प असून त्याची दखल फारशी कोणी घेत नाही, आणि याचे एक कारण असे असावे की तो जे आणतो त्यातले बहुतेक बॅगेतून काढून वाटता येत नाही, आणि जे वाटता येते, म्हणजे मोपाने नावाच्या झाडावर वाढणाऱ्या व वाळवून खाल्ल्या जाणाऱ्या अळ्यांचे एखादे पाकीट, ते घ्यायला कोणी हात पुढे करत नाही. या तिसऱ्या वर्गाला घरोघरी 'आफ्रिकेचे काका' असे म्हटले जाते.

या वर्गात मामा, मावसा आणि क्वचित एखादी धडाडीची आत्याही आढळते. तथापि विवेचनाच्या सोयीसाठी येथे काकांचाच नमुना घेतला आहे, कारण तो सर्वांत पूर्ण वाढलेला आहे. हे काका बहुधा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून, त्यातही हातपंप दुरुस्ती पथकातून निवृत्त झालेले असतात. हातपंप दुरुस्ती पथक म्हणजे उन्हाळ्यात गावोगावच्या विंधणविहिरींवरचे बंद पडलेले हापसे चालू करत जीपमधून हिंडणारी सरकारी तुकडी. हिच्याकडे पाना, दोर, पाइप आणि तक्रारी यांचा साठा भरपूर असतो आणि डिझेलचा कमी. नोकरीच्या पस्तीसेक वर्षांत काकांना आमदारापासून ग्रामसेवकापर्यंत सर्वांनी 'पंप कधी होणार' एवढाच प्रश्न विचारलेला असतो, 'पंप का बिघडतो' हे मात्र कोणीही विचारलेले नसते. त्यामुळे निवृत्तीनंतर कोणा स्वयंसेवी संस्थेचे पत्र येऊन, दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हातपंपांची देखभाल शिकवायला माणूस हवा आहे, असे त्यांना कळते, तेव्हा ते ज्या वेगाने होकार कळवतात तो सेवाभावाने पूर्णपणे समजावून सांगता येत नाही. कोणीतरी कारण विचारणार आहे, ही शक्यताच त्यांना विमानात बसवते.

घरातील प्रतिक्रिया मात्र भूगोलापासूनच अडखळते. दक्षिणेकडची आफ्रिका हा प्रदेश आहे आणि दक्षिण आफ्रिका हा त्यातला एक देश आहे, हा भेद नातेवाइकांना कितीही वेळा सांगितला तरी पटत नाही, कारण क्रिकेटचा संघ त्यांनी एकाच देशाचा पाहिलेला असतो (झिंबाब्वेचाही होता, पण तो आता कोणाच्या लक्षात नाही). काका जातात तो देश झांबिया असतो. झांबेझी नदीवरून नाव घेतलेला हा देश पूर्वी उत्तर ऱ्होडेशिया म्हणून ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि २४ ऑक्टोबर १९६४ रोजी स्वतंत्र झाला; त्याला समुद्रकिनारा नाही, आठ देशांच्या सीमा भिडलेल्या आहेत, क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट आणि लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास आहे. हे आकडे काका जाण्यापूर्वीच पाठ करतात आणि प्रत्येक भेटीला येणाऱ्याला ऐकवतात, भेटीला येणारा ते शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, "पण तिथे सिंह असतात ना?" या प्रश्नाला पुढील विवेचनात फार महत्त्व आहे.

प्रवासाला ऐतिहासिक अधिष्ठान हवे, अशी काकांची धारणा असल्यामुळे ते डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी प्रवाशाचा आधार घेतात, आणि येथे त्यांच्या बाजूने खरा इतिहास उभा राहतो हे मान्य केले पाहिजे. लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये आपली छोटी आगबोट घेऊन हिंदी महासागर ओलांडून मुंबईला आला होता आणि सोबतच्या चुमा व विकाटानी या दोन आफ्रिकन मुलांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवले होते. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनचे वसतिगृह होते. तिथे शिकलेले काही तरुण १८६६ च्या त्याच्या अखेरच्या मोहिमेत सामील झाले, तर जेकब वेनराइट नावाचा तिथलाच विद्यार्थी नंतरच्या तुकडीतून त्याला जाऊन मिळाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी वारला, तेव्हा त्याचे हृदय तिथल्याच एका झाडाखाली पुरण्यात आले, त्या झाडावर नाव व तारीख कोरण्याचे काम वेनराइटने केले आणि सुसी, चुमा व इतर सोबत्यांनी मिळून त्याचा वाळवलेला देह शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचवला. पुढे १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीतही वेनराइट हजर होता. काका या सगळ्या हकिकतीचा निष्कर्ष एका वाक्यात काढतात: झांबियात नाशिकचा माणूस आधीच जाऊन आलेला आहे. बारशापासून तेराव्यापर्यंत सर्व प्रसंगी हे वाक्य उच्चारले गेल्यामुळे कुटुंबातील निम्म्या लोकांचा असा पक्का समज झालेला असतो की वेनराइट हे द्राक्षांच्या एखाद्या निर्यातक्षम वाणाचे नाव असावे.

प्रस्थानापूर्वीची तयारी ही काकांच्या व्यक्तिमत्त्वाची पहिली कसोटी ठरते. पीतज्वराची लस टोचून घेतल्याचे पिवळे पुस्तक, मलेरियाच्या गोळ्या आणि मेतकूट यांच्याबरोबर त्यांच्या बॅगेत नातेवाइकांनी दिलेले जुने कपडे जातात. मदतकार्यासाठी कोणी जात आहे असे कळताच प्रत्येक घराला आपल्या कपाटात माणुसकीचा बराच साठा पडून आहे याची जाणीव होते, आणि लग्नात मिळालेले शर्टपीस, कंपनीचे नाव छापलेले टी-शर्ट व ज्यांच्या कोपरावर भोक पडले आहे असे स्वेटर काकांच्या स्वाधीन होतात. काका स्वेटर बाजूला काढतात. आफ्रिकेत स्वेटर कशाला, हा त्यांचा तर्क वरवर पाहता बिनचूक असतो.

तो जूनमध्ये कोसळतो. झांबियाचा बराच भाग समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच पठारावर आहे आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथला हिवाळा जून-जुलैत येतो. पहाटे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, आणि काका दोन शर्ट व एक टॉवेल अंगावर घेऊन चुलीपाशी बसलेले आढळतात. उपाय बाजारातच असतो. युरोप-अमेरिकेतून दान म्हणून निघालेले आणि वाटेत विक्रीचा माल झालेले जुने कपडे झांबियात गठ्ठ्यांनी येतात व 'सलाउला' या नावाने विकले जातात. ढिगात हात घालून हवे ते निवडून काढणे हा या खरेदीचा प्रकार असतो आणि त्यात स्त्रिया विलक्षण तरबेज असतात. देण्यासाठी कपड्यांची बॅग घेऊन आलेले काका या ढिगातून स्वतःसाठी कोणा अनोळखी नॉर्वेजियन माणसाचा लोकरी स्वेटर घासाघीस करून विकत घेतात. त्यांनी नेलेले टी-शर्ट कोणी नाकारत नाही, पण विशेष कौतुकही करत नाही, कारण त्याहून चांगले टी-शर्ट बाजारात पडलेले असतात. हा प्रसंग काका घरी सांगत नाहीत. स्वेटर मात्र ते घालतात, आणि कोणी विचारल्यास 'तिथलाच आहे' असे म्हणतात, जे एका अर्थी खरे असते.

प्रवासाच्या बाबतीत काकांचे पूर्वसंस्कार एसटीचे असतात, म्हणजे गाडी उशिरा सुटली तरी ती कोणत्या वेळेपेक्षा उशिरा सुटली हे फलकावर लिहिलेले असते. लुसाका या राजधानीतल्या स्थानकावर मिनीबसला वेळ नसते, ती भरली की सुटते, आणि भरली म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार कंडक्टरचा असतो. काका खिडकीची जागा पकडून घड्याळ पाहत बसतात. शेजारच्या बाई मक्याचे कणीस खातात, मागच्या बाकावरची कोंबडी झोपी जाते आणि बस भरत नाही. त्यातही काकांच्या लक्षात येते की पुढच्या बाकांवरचे काही प्रवासी मुळात प्रवासी नसून बस भरलेली दिसावी म्हणून बसवलेली माणसे आहेत आणि खरे गिऱ्हाईक आले की ती उठून जातात. या युक्तीविषयी काकांना पुढे इतका आदर वाटू लागतो की गावच्या ग्रामसभेची गणसंख्या पूर्ण करण्यासाठी ती वापरता येईल, असे ते गंभीरपणे सुचवतात. लुसाकाहून पूर्वेकडे ग्रेट ईस्ट रोड नावाच्या रस्त्याने लुआंग्वा नदीचा पूल ओलांडून ते पूर्व प्रांतात पोचतात, तेव्हा दिवस मावळलेला असतो, आणि गावाच्या मुखियाला भेटल्याशिवाय कामाचा शब्दही काढायचा नसतो हे त्यांना कळते. खालच्या बसण्यावर बसून, हाताची ओंजळ करून हळू टाळ्या वाजवत, प्रकृती, पाऊस, घरचे, प्रवास असे सगळे क्रमाने विचारून झाल्यावर मग पंपाचा विषय निघतो. आयुष्यभर 'बोला, काय काम' असे ऐकत आलेल्या माणसाला ही पद्धत पहिल्या दिवशी वेळखाऊ वाटते, आणि महिन्याभराने तिच्यावाचून बोलणेच असभ्य वाटू लागते.

अन्नाच्या प्रश्नाने काकूंची झोप उडालेली असते, प्रत्यक्षात तो सर्वांत लवकर सुटतो. पांढऱ्या मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेली न्शिमा हे झांबियाचे मुख्य अन्न असून ते दिसायला व हाताला आपल्या उकडीसारखेच लागते, फक्त अधिक घट्ट आणि बिनमिठाचे असते. त्याचा लहान गोळा उजव्या हाताने मळून, त्याला अंगठ्याने खळगा पाडून त्यात तोंडीलावणे उचलायचे असते. जेवणाआधी पाहुण्याच्या हातावर पाणी घातले जाते. शाकाहारी काका बोचक्यातले मेतकूट काढण्याच्या बेतात असतानाच समोर भोपळ्याच्या पानांची, शेंगदाण्याचा कूट घालून शिजवलेली भाजी येते. झांबियात ही भाजी इफिसाशी म्हणून ओळखली जाते. शेंगदाण्याचा कूट पाहताच काकांच्या मनातील सांस्कृतिक अंतर एकदम नाहीसे होते, आणि ज्या समाजाला कूट कळतो त्याला पंपही कळेल, असा सिद्धान्त ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवतात. सिद्धान्ताचा पहिला भाग तपासता येत नाही. दुसरा मात्र त्यांना दुसऱ्याच दिवशी तपासावा लागतो.

या पंपाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण काकांच्या मते आफ्रिकेतील सर्वांत रोमहर्षक वस्तू तीच आहे. जालना आणि सोलापूर या भागांत मिशनरी संस्थांच्या पाण्याच्या कामांतून जे मजबूत हातपंप घडले, त्यांच्या आधारावर १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास या कंपनीने मिळून 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार केला. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला साखळी, साखळीला जमिनीखाली गेलेल्या लोखंडी सळ्या, आणि तळाशी पाण्यात बुडालेले पितळी अस्तराचे सिलिंडर, अशी त्याची रचना असते. सिलिंडरातील दट्ट्याला चामड्याचे किंवा रबराचे वॉशर असतात, ज्यांना खेड्यापाड्यांत वायसर म्हणतात, आणि सारी करामत त्या वायसरांची असते. वायसर झिजले की दांडा कितीही हापसला तरी पाणी वर येत नाही. हा पंप भारतातून आफ्रिकेतील अनेक देशांत गेला आणि झांबियात गावोगाव बसला. म्हणजे काका जेव्हा झांबियातील एखाद्या शाळेच्या आवारात पहिल्यांदा पाय ठेवतात, तेव्हा त्यांचे स्वागत करणारी पहिली ओळखीची वस्तू ही त्यांनी आयुष्यभर उघडलेला आणि बसवलेला तोच हापसा असते, तोही बंद.

मार्क टू मजबूत आहे, पण त्याचे वायसर बदलायचे तर सगळे पाइप जमिनीतून वर काढावे लागतात, हा त्याचा मूळ दोष आहे. पुढे याच कारणासाठी, पाइप न काढता दट्ट्या वर ओढता येईल असा मार्क थ्री काढण्यात आला. तीन मीटर लांबीचा एक पाइप रिकामाच नऊ-दहा किलोंचा असतो, आणि विहीर चाळीस मीटर खोल असेल तर असे तेरा-चौदा पाइप एकमेकांना जोडलेले, पाण्यासह आणि सळ्यांसह लोंबकळत असतात. काकांची पद्धत पथकातली: चार माणसांनी पाइप उचलायचा, पाचव्याने क्लॅम्प लावायचा, सहाव्याने पाना फिरवायचा आणि काकांनी ओरडायचे. झांबियात गावकऱ्यांनी नेमलेला आणि प्रशिक्षण घेतलेला दुरुस्तीवाला असतो, त्याला एरिया पंप मेंडर म्हणतात. यांच्यात स्त्रियाही असतात, आणि काकांच्या वाट्याला नेमकी अशीच एक मध्यमवयीन बाई येते, जिने कमरेला चितेंगे, म्हणजे तिथले रंगीत छापाचे लुगड्यासारखे वस्त्र, गुंडाळलेले असते आणि हातात दोन पाने धरलेले असतात. काका तिला प्राथमिक धडे द्यायला सुरुवात करतात. सातव्या पाइपाला सॉकेटचे आटे गंजून गेलेले असतात. काका "ओढा, ओढा" असे मराठीत ओरडतात, पाइप एकदम सुटतो, आणि उरलेले सगळे खाली विहिरीच्या तळाशी जाणार, पंपवाल्यांच्या दृष्टीने याहून मोठे संकट नाही, अशा क्षणी ती बाई एक शब्दही न बोलता क्लॅम्प आवळते. वजन थांबते. काका टोपी काढून घाम पुसतात. नंतर ती दुभाष्यामार्फत त्यांना सांगते की या विहिरीचे पाणी आंबट आहे, त्यामुळे लोखंडी पाइप दोन-तीन वर्षांत सडतो, पाणी लाल येते, बाया ते पीत नाहीत आणि पुन्हा ओढ्यातल्या डबक्यावर जातात. वायसर बदलून उपयोग नाही, पाइपच दुसरा हवा. काकांना हे कारण माहीत असते. ते कोणी त्यांना सांगत आहे, हा अनुभव मात्र नवा असतो.

या दिवसापासून मदत करणारा कोण आणि घेणारा कोण, याचा हिशेब काकांच्या वहीत थोडा गोंधळलेला आढळतो. वहीतील पुढच्या नोंदी बहुतांशी तिने सांगितलेल्या आहेत: पाण्याच्या समितीचे पैसे एकीकडे आणि पाने दुसरीकडे ठेवावेत, दर घरामागे वर्गणी पावसाळ्यानंतर, मका निघाल्यावर गोळा करावी, कारण त्याआधी कोणाकडेच पैसा नसतो, सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानात मिळाले तरच पंप टिकतो, देणगीदाराच्या राजधानीतल्या गोदामात मिळाले तर टिकत नाही. जिल्हा परिषदेत असताना हीच गोष्ट काकांनी तीनदा लेखी कळवली होती आणि तिन्ही वेळा 'फाइल सादर' असा शेरा मिळाला होता, असे ते सांगतात, आणि यात अतिशयोक्ती असण्याची शक्यता कमी आहे.

शेजारच्या झिंबाब्वेत मात्र काकांच्या निष्ठेची परीक्षा होते. तिथे १९३३ पासून विकसित होत आलेला 'बुश पंप' राष्ट्रीय प्रमाण मानला जातो आणि त्याचा दांडा तेलात उकळलेल्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर फिरतो. बेअरिंग बिघडले की दुसरा ठोकळा तासायचा, काम संपले. जालना-सोलापूरच्या पंपाविषयी कुलाभिमान बाळगणारे काका तो ठोकळा बराच वेळ हाताने चाचपतात, मग काहीच बोलत नाहीत, आणि परतीच्या वाटेवर अचानक म्हणतात की सोलापुरातही सुतार होतेच.

प्ले पंपाचा विषय निघाला की त्यांचा संयम सुटतो. दक्षिण आफ्रिकेत निघालेली ही कल्पना अशी होती की मुलांचे फिरते चक्र पंपाला जोडावे, मुलांनी खेळावे, पाणी आपोआप उंच टाकीत चढावे आणि टाकीच्या बाजूंना जाहिराती लावाव्यात. २००६ मध्ये अमेरिकेत या योजनेसाठी सरकार व खासगी संस्थांनी मिळून १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले. नंतर द गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राने हिशेब मांडला की ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेसे पाणी द्यायचे तर मुलांना रोज सत्तावीस तास खेळावे लागेल. अनेक ठिकाणी चांगले चालणारे हातपंप काढून ही चक्रे बसवण्यात आली, मुले दोन दिवसांत कंटाळली, आणि डोक्यावर बादली घेऊन आलेल्या बायका वाकून ते चक्र ढकलू लागल्या. काका हा प्रसंग सांगताना बसल्या जागी खुर्ची फिरवून दाखवतात, व त्यात एखाद्या वेळी चहा सांडतो. मुलांना खेळायला लावून पाणी काढणे ही कल्पना ज्याला सुचली त्याने कधी मुलाला एक तांब्या पाणी आणायला सांगितले नसावे, हे त्यांचे मत या क्षेत्रातील पुष्कळ अहवालांपेक्षा नेमके आहे.

दुर्दैवाने या सर्व ज्ञानाला नातेवाइकांच्या बाजारात भाव नाही. तिथे एकच चलन चालते, ते म्हणजे सिंह. काकांनी पहिल्या सुट्टीत दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात जीपमधून एक सिंह पाहिलेला असतो. सिंह दिवसाचे वीसेक तास आराम करतो, या प्राणिशास्त्राच्या नियमाला धरूनच त्याचे वागणे असते, आणि तो एका झुडपाखाली पाठीवर पडून पंजे वर केलेल्या अवस्थेत असतो. ही हकीकत पहिल्या वर्षी जशीच्या तशी सांगितली गेली, तेव्हा भाचे मंडळी मोबाइलकडे वळली. दुसऱ्या वर्षी सिंहाने मान वळवली. तिसऱ्या वर्षी तो उठला, जांभई देऊन जीपच्या दिशेने दोन पावले आला, आणि त्याच वर्षी काकांना नातवाच्या शाळेतून व्याख्यानाचे निमंत्रण मिळाले. मागणी तसा पुरवठा, हा नियम प्रवासवर्णनालाही लागू पडतो. जाणकार श्रोत्याला मात्र माहीत असते की लुआंग्वाच्या काठच्या माणसाला सिंहापेक्षा नदीतल्या मगरीची, पाणघोड्याची आणि उभा मका एका रात्रीत खाऊन जाणाऱ्या हत्तीची धास्ती अधिक असते. हत्तींना शेतापासून दूर ठेवण्यासाठी तिथले शेतकरी सुकी मिरची कुटून शेणात कालवतात, त्याच्या गोवऱ्या थापून वाळवतात आणि रात्री बांधावर जाळतात. मिरचीच्या धुराने हत्ती परत फिरतो, आणि काकांच्या सांगण्यानुसार वारा उलटला तर शेतकरीही फिरतो.

ही गोवरीची गोष्ट एकट्या काकूंना आवडते. काकू ही या नमुन्याच्या अभ्यासातील उपेक्षित व्यक्ती आहे. त्या एकदा तीन महिने काकांजवळ राहून आलेल्या असतात, आणि सिंहाचा मूळ फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये असतो. व्हिक्टोरिया धबधब्याजवळ, ज्याला तिथे मोसी-ओआ-तुन्या म्हणतात आणि ज्याची रुंदी १,७०८ मीटर आहे, एका बबून जातीच्या मोठ्या माकडाने चकल्यांची पिशवी हिसकावून नेली, तेव्हा त्याच्यामागे काका नव्हे, काकू धावल्या होत्या. काका त्या वेळी जवळच्या पुलाचे लोखंडी रिव्हेट मोजत होते. सिंहाने दोन पावले टाकली की काकू स्वयंपाकघरातून फक्त "झोपला होता" एवढेच म्हणतात. काका मग विषय बदलून वेनराइटकडे जातात.

कायमचे परतल्यानंतरच्या काळात या नमुन्याची लक्षणे कमी होण्याऐवजी बळावतात. लग्नकार्यात ते यजमानाला कामाचे विचारण्यापूर्वी प्रकृती, पाऊस आणि घरच्यांची चौकशी इतकी सावकाश करतात की मागे आहेराची रांग लागते. पुण्यातल्या नळाला दिवसाआड पाणी येते म्हणून कोणी तक्रार केली की ते 'वर्गणी कोणाकडे ठेवता' असे विचारतात. व्हॉट्सॲपवर त्यांना अजूनही झांबियातून फोटो येतात, बहुधा तुटलेल्या साखळीचे किंवा नव्या पाइपाचे, आणि सत्यनारायणाच्या पूजेला आरती चालू असतानाही ते चष्मा कपाळावर सरकवून फोटो मोठा करून पाहतात. उत्तर ते इंग्रजीत लिहितात, पण त्यात वायसर हा शब्द असतो आणि पलीकडे तो आता समजतो.

हे सारे ज्ञान स्थानिक पातळीवर वापरण्याची संधी त्यांना एकदाच मिळते. त्यांच्या गृहनिर्माण सोसायटीचा बोअरवेलचा पंप ऐन एप्रिलमध्ये बंद पडतो आणि खास सर्वसाधारण सभा बोलावली जाते. काका तयारी करून येतात. त्यांचा प्रस्ताव असा असतो की दर फ्लॅटमागे देखभालीची वेगळी वर्गणी घ्यावी, ती दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेकडे ठेवावी, पाने आणि पॅनेलची किल्ली त्यांच्याकडे न ठेवता भाजी विकून मुलाला शिकवणाऱ्या वॉचमनच्या बायकोकडे द्यावी, सुटे भाग आधीच आणून ठेवावेत आणि पंप चालवणाऱ्या माणसाला पंप उघडायला शिकवावे. सचिव विचारतात, यात सचिवाचे काम काय? काका प्रामाणिकपणे सांगतात की झांबियात त्यांना या पदाची गरज पडलेली दिसली नाही. यानंतरची चर्चा कार्यवृत्तात तपशिलाने नोंदवलेली नाही. टँकर मागवण्याचा ठराव मंजूर होतो; 'एकमताने' या शब्दाला काका हरकत घेतात, ती हरकत मान्य होऊन सचिव त्या शब्दाच्या आधी पेनाने 'फ्लॅट नंबर सात वगळता' असे लिहितात, आणि सभा चहापानानंतर संपते.